बांधकामातील सुरक्षाभंग : कंपन्यांना होणारी शिक्षा

बांधकाम, खोदकाम किंवा पाडकाम करताना कायद्याने घालून दिलेली सुरक्षाविषयक कर्तव्ये न पाळणाऱ्या कंपनीस फौजदारी न्यायालयाकडून होणारी शिक्षा. कंपनी ही विधिकल्पित व्यक्ती असल्यामुळे तिला कारावासात ठेवता येत नाही. साहजिकच दंड हीच तिची प्रमुख शिक्षा ठरते. हा दंड कोणत्या मापाने मोजावा, याचा विचार इंग्लंडमध्ये विशेष तपशिलाने झालेला आहे.

लॉर्ड रॉबेन्झ यांच्या समितीने १९७२ मध्ये सादर केलेल्या अहवालावरून तेथे कामाच्या ठिकाणचे आरोग्य व सुरक्षा यांविषयीचा १९७४ चा अधिनियम संमत झाला. त्याच्या कलम २ अन्वये स्वतःच्या कामगारांची व कलम ३ अन्वये कामामुळे बाधित होणाऱ्या इतरांची सुरक्षितता, व्यवहारतः शक्य असेल तितकी, राखणे हे मालकाचे कर्तव्य ठरले. बांधकामात मुख्य ठेकेदाराच्या हाताखाली अनेक पोटठेकेदार असतात आणि मजूर नेमका कोणाचा, हाच पुष्कळदा वादाचा मुद्दा होतो. त्यामुळे या व्यवसायात कलम ३ चे महत्त्व अधिक. आणखी काही करणे शक्य नव्हते, हे सिद्ध करण्याचा भार कलम ४० ने आरोपीवर टाकला. १९९३ मध्ये अपील न्यायालयाने असा निर्णय दिला, की प्रत्यक्ष इजा झाली नाही, तरी धोका निर्माण होणे गुन्ह्यास पुरेसे आहे. लंडनच्या हीथ्रो विमानतळाच्या रेल्वेमार्गाचे बोगदे ऑक्टोबर १९९४ मध्ये काम चालू असताना खचले. जीवितहानी झाली नाही. तरीही १९९९ मध्ये ठेकेदार बॅलफोर बीटी या कंपनीस १२ लाख पौंड व सल्लागार कंपनीस ५ लाख पौंड दंड झाला.

एवढा दंड अपवादात्मकच होता. सर्वसाधारण खटल्यांतील दंड फार कमी असतो, हे अपील न्यायालयाने १९९८ मध्ये हाऊ कंपनीच्या खटल्यात स्पष्टपणे सांगितले. या कंपनीच्या कारखान्यातील एक तरुण कामगार विजेच्या धक्क्याने मरण पावला होता. अपेक्षित दर्जापेक्षा कंपनी किती उणी पडली, पैसा वाचविण्यासाठी तिने जाणूनबुजून धोका पत्करला काय आणि तिची आर्थिक कुवत किती, हे पाहून दंड ठरवावा व त्याची झळ व्यवस्थापकांप्रमाणेच भागधारकांनाही लागावी, असे न्यायालयाने म्हटले. मात्र याच निकालाने त्या कंपनीचा दंड ४८,००० पौंडांवरून १५,००० पौंडांवर आणला. कंपनी लहान होती, आणि दंडाने कंपनी बुडाल्यास कामगारांचीच रोजी जाते, ही अडचण न्यायालयास डावलता आली नाही.

मनुष्यवधाच्या आरोपात प्रश्न याच्या उलट होता. कंपनीचे मन व इच्छाशक्ती म्हणता येईल असा एखादा वरिष्ठ अधिकारी स्वतः दोषी ठरल्याशिवाय कंपनी दोषी ठरत नसे. मोठ्या कंपनीत निर्णय अनेकांत विभागलेले असल्याने असा माणूस सापडत नाही. १९८७ मध्ये झेब्रुग बंदराजवळ प्रवासी जहाज उलटून १९३ माणसे मरण पावली. पण जहाजकंपनीवरील खटला १९९० मध्ये याच कारणाने फसला. यावर उपाय म्हणून कंपनीकृत मनुष्यवधाचा २००७ चा अधिनियम ६ एप्रिल २००८ पासून अंमलात आला. त्याखाली पहिली शिक्षा झाली, ती मात्र कॉट्सवोल्ड जिओटेक्निकल होल्डिंग्ज या लहानशा कंपनीस. सप्टेंबर २००८ मध्ये स्ट्राउडजवळ जमिनीच्या परीक्षणासाठी खणलेल्या सु. ३·५ मी. खोल खड्ड्याच्या बाजू ढासळून तिचा एक तरुण भूवैज्ञानिक गाडला गेला. खड्ड्यास आधार दिलेला नव्हता. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यायालयाने ३,८५,००० पौंड दंड करून तो दहा वर्षांत फेडण्याची सवलत दिली. दंडामुळे कंपनी बंद पडली, तरी ते दुर्दैवी परंतु अटळ होय, या भूमिकेस अपील न्यायालयानेही दुजोरा दिला. जुन्या कायद्याखालीही जी बहुधा दोषी ठरली असती, अशीच ही कंपनी होती.

पाडकामात धोका आधीच दिसत असतो. ते कसे करावयाचे याची लेखी व्यवस्था काम सुरू होण्यापूर्वी करणे २०१५ च्या बांधकामविषयक नियमांनी आवश्यक ठरविले. असा लेखच नसेल, तर दोष शाबीत करणे कठीण जात नाही. १ फेब्रुवारी २०१६ पासून लागू झालेल्या शिक्षाविषयक मार्गदर्शक सूचनांनी दोषाच्या व संभाव्य हानीच्या प्रत्येकी चार पायऱ्या ठरवून दंडाची सांगड कंपनीच्या वार्षिक उलाढालीशी घातली. पाच कोटी पौंड व त्यावरील उलाढालीच्या कंपनीस अत्यंत गंभीर कसुरीबद्दल प्रारंभिक दंड ४० लाख, तर वीस लाखांपर्यंत उलाढालीच्या कंपनीस त्याच कसुरीबद्दल अडीच लाख पौंड ठरला. एकाच प्रकारच्या अपराधाचे दंड एवढे भिन्न असणे प्रथमदर्शनी विषम वाटते. परंतु सरसकट एकच रक्कम ठेवल्यास मोठ्या कंपनीच्या दृष्टीने दंड हा निव्वळ धंद्याचा एक खर्च होऊन बसतो.

भारतात इमारत व इतर बांधकाम कामगार अधिनियम, १९९६ च्या कलम ४७ अन्वये सुरक्षाविषयक नियमांच्या भंगास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होत्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० नुसार कर्तव्यभंगामुळे मृत्यू घडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात आणि दंडापैकी निदान निम्मी रक्कम मृताच्या वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. उलाढालीनुसार दंडाच्या पायऱ्या मात्र संहितेत घातलेल्या नाहीत.