हातांच्या भाषांचा इतिहास



लंडनमधील एक बहिरा गृहस्थ आणि न्यूयॉर्कमधील एक बहिरा गृहस्थ समोरासमोर आले, तर त्यांचे संभाषण कसे होईल? दोघेही इंग्रजी वर्तमानपत्र वाचतात, दोघेही इंग्रजीत पत्र लिहितात. तेव्हा ते हातांनी सहज बोलू लागतील असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात पाचदहा मिनिटांतच ते खिशातून कागद-पेन्सिल काढतात. उलट हाच न्यूयॉर्कचा मनुष्य पॅरिसला गेला, तर फ्रेंचचे एक अक्षर येत नसतानाही तेथील बहिऱ्यांच्या हातांत त्याला ओळखीच्या पुष्कळ खुणा सापडतात. असे का व्हावे, हा आजच्या माझ्या व्याख्यानाचा विषय आहे.

आपल्या मनात एक समजूत फार खोल रुजलेली आहे. तोंडाच्या भाषा बारा कोसांवर बदलतात, पण हातवारे मात्र माणसाला जन्मतः मिळालेले, म्हणून जगभर एकच, अशी ती समजूत. तिची परीक्षा अगदी साध्या शब्दावर घेऊ. 'स्त्री' हे आपल्याकडचा बहिरा कसे सांगतो? नाकपुडीला बोट लावून. तेथे चमकी असते, म्हणून. जपानमध्ये त्यासाठी नुसती करंगळी दाखवतात, आणि अंगठा दाखवला की पुरुष झाला. अमेरिकेत 'मुलगी' म्हणताना अंगठा गालावरून हनुवटीकडे ओढतात. पूर्वीच्या बायकांच्या टोपीची फीत तेथून खाली येत असे, असे त्याचे कारण सांगतात. तिन्ही खुणांना आधार आहे, पण तो आधार त्या त्या समाजाच्या वेषात आणि रूढीत आहे. चमकी ठाऊक नसलेल्या माणसाला आपली खूण कशी उमजावी? आज जगात अशा निरनिराळ्या दीडशेहून अधिक भाषांची नोंद झालेली आहे.

येथे एक घोटाळा आधीच दूर करतो. आपल्याकडे करपल्लवी नावाची एक जुनी विद्या आहे. नागाच्या फणेसारखा हात केला की स्वर, कमळासारखा केला की कवर्ग, चक्र केले की चवर्ग. मग वर्गातील कितवे अक्षर ते बोटांनी मोजून दाखवायचे. गंमतीची आणि गुप्त निरोपासाठी उपयुक्त अशी ही युक्ती आहे. परंतु ती हातांनी लिहिलेली मराठीच होय. बहिऱ्यांची भाषा तशी नसते. तिच्यात खूण अक्षराची नसून अर्थाची असते, आणि वाक्याची रचना तिची स्वतःची असते.

आता पॅरिसला जाऊ. आबे द लेपे नावाचे एक धर्मोपदेशक (१७१२–१७८९) एका घरी गेले असता त्यांना दोन बहिऱ्या बहिणी भेटल्या. त्यांना शिकविता शिकविता १७६० च्या सुमारास बहिऱ्या मुलांची एक शाळाच उभी राहिली. गरीब-श्रीमंत असा भेद न करता सर्वांना तेथे प्रवेश असे. पुढे राज्यक्रांतीनंतर, १७९१ मध्ये, ती सरकारने चालवावयास घेतली. लेपे यांची थोरवी अशी की, मुलांच्या हातांत जी भाषा आहे तीच शिक्षणाचे माध्यम व्हावी हे त्यांनी ओळखले. मात्र त्या भाषेला व्याकरण नाही अशी त्यांचीही समजूत होती. म्हणून फ्रेंचचे प्रत्येक उपपद, प्रत्येक काळ दाखविण्यासाठी त्यांनी वेगळ्या खुणा जोडल्या. भूतकाळ म्हणजे हात खांद्यावरून मागे टाकायचा, इत्यादी. हे ओझे मुलांनी वर्गात वाहिले आणि वर्गाबाहेर पडताच टाकून दिले.

लेपे यांनी ही भाषा निर्माण केली असे अजूनही काही ठिकाणी लिहिलेले आढळते. ते खरे नाही, आणि याला साक्षीदार आहे एक बहिरा कारागीर. पिएर देलोज हा बुकबाइंडर. सातव्या वर्षी देवी येऊन त्याचे ऐकणे गेले. ऐन पंचविशीनंतर एका निरक्षर, बहिऱ्या, इटालियन नोकराकडून तो हातांची भाषा शिकला. १७७९ मध्ये त्याने एक लहानसे पुस्तक छापले. खुणांवर हल्ला करणाऱ्या एका धर्मोपदेशकाला उत्तर म्हणून ते लिहिले होते. त्यात तो सांगतो की, पॅरिसमधील जे बहिरे कोणत्याही शाळेत गेले नाहीत, तेही आपापसांत जगातल्या सर्व घडामोडींची चर्चा हातांनी करतात. म्हणजे भाषा आधी होती, शाळा मागाहून आली. बहिऱ्या माणसाने लिहून छापलेले हे फार जुने पुस्तक आहे, आणि ते लिहिण्याचे कारण काय, तर आपल्या भाषेचा बचाव!

या पॅरिसच्या रोपट्याची फांदी अमेरिकेत कशी लागली ती कथा मोठी मौजेची आहे. हार्टफर्ड गावात अॅलिस कॉग्सवेल ही बहिरी मुलगी राहत असे. तिच्या शेजारचा तरुण, टॉमस हॉपकिन्स गॅलॉडेट, तिच्यासाठी शिक्षणाची पद्धत शिकून यावी म्हणून १८१५ मध्ये इंग्लंडला गेला. तेथे बहिऱ्यांच्या शाळा ब्रेडवुड घराण्याच्या हाती होत्या, आणि या घराण्याने आपली पद्धत एखाद्या वैद्याने गुटी जपावी तशी गुप्त ठेवलेली होती. त्यांनी घातलेल्या अटी गॅलॉडेटला मान्य होईनात. योगायोग असा की, लेपे यांचे वारस सिकार त्या वेळी नेपोलियनच्या पुनरागमनामुळे लंडनला आलेले होते, आणि मास्यू व क्लेर या आपल्या दोन बहिऱ्या शिष्यांसह जाहीर प्रयोग करून दाखवीत होते. त्यांनी गॅलॉडेटला पॅरिसला बोलाविले. जून १८१६ मध्ये गॅलॉडेट जहाजावर चढला तेव्हा तीस वर्षांचा लोराँ क्लेर त्याच्या सोबत होता. प्रवास बावन्न दिवसांचा. त्या दिवसांत क्लेरने त्याला हात शिकविले आणि त्याने क्लेरला इंग्रजी शिकविले. १५ एप्रिल १८१७ रोजी हार्टफर्डची शाळा उघडली. थोड्या वर्षांच्या कराराने गेलेला क्लेर १८६९ मध्ये तेथेच वारला.

ब्रेडवुड मंडळींनी त्या वेळी दार उघडले असते, तर आज अमेरिकेतील बहिरे बहुधा इंग्लंडच्या बहिऱ्यांसारखे बोलले असते. भाषांचा इतिहास कधी कधी अशा एखाद्या हेकेखोरपणाने वळतो.

तथापि क्लेरला हार्टफर्डमध्ये कोरी पाटी मिळाली नाही. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ मार्थाज व्हिनयार्ड नावाचे बेट आहे. इंग्लंडच्या केंट परगण्यातून आलेल्या काही घराण्यांत बहिरेपण आनुवंशिक होते. त्या बेटावरचा ज्ञात असलेला पहिला बहिरा रहिवासी, जोनाथन लँबर्ट, १६९४ मध्ये तेथे आला. नात्यात लग्ने होत गेली आणि बहिरेपण वाढत गेले. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत सुमारे पावणेसहा हजारांत एक मनुष्य जन्मतः बहिरा असे, या बेटावर दीडशेत एक, आणि चिल्मार्क गावात तर पंचवीसांत एक. मग झाले असे की, ऐकू येणारेही सगळे हातांनी बोलू लागले. कोळी एका होडीतून दुसरीला हातांनीच मासळीची खबर देत. नोरा ग्रोस यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेटावरच्या म्हाताऱ्यांच्या आठवणी गोळा केल्या, तेव्हा अमुक माणूस बहिरा होता काय हे म्हाताऱ्यांना आठवून सांगावे लागे; तो कोळी चांगला होता, एवढे मात्र लगेच आठवे. या बेटाची मुले हार्टफर्डला शिकावयास गेली. त्यांचे हात आणि क्लेरचे हात मिसळून अमेरिकेची भाषा झाली. बेटावरची मूळ बोली मात्र संपली. ती लहानपणापासून बोलणारी शेवटची बहिरी व्यक्ती १९५२ मध्ये वारली.

आरंभीच्या कोड्याचा उलगडा आता होतो. हातांच्या भाषांची नाती तोंडाच्या भाषांच्या नात्यांवरून ठरत नाहीत. ती शाळा, शिक्षक आणि वसतिगृह यांच्या मार्गाने जातात. ब्रिटनची भाषा वसाहतवाल्यांबरोबर ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला गेली. शेजारच्या आयर्लंडमध्ये मात्र ती पक्की रुजली नाही, कारण १८४६ मध्ये डब्लिनच्या काब्रा भागात मुलींची शाळा काढणाऱ्या जोगिणी फ्रान्समधील काँ शहरी जाऊन शिकून आल्या होत्या. पुढे १८५७ मध्ये मुलांची शाळा निराळी निघाली. दोन्ही शाळा एकाच गावात, पण मुलामुलींची गाठभेट नाही. परिणाम असा की, साध्यासुध्या पुष्कळ गोष्टींना मुलींची खूण एक आणि मुलांची दुसरी झाली. लग्न झाल्यावर नवराबायकोला एकमेकांची भाषा शिकावी लागे! आशियात कोरिया आणि तैवान यांच्या भाषांचे मूळ जपानी भाषेत सापडते, कारण जपानच्या अमलात तेथील शाळा जपानी शिक्षकांनी चालविल्या. कोरियाच्या आणि जपानच्या बहिऱ्यांना एकमेकांचे हात आजही बरेचसे कळतात.

या सगळ्या वाढीवर १८८० मध्ये घाला पडला. त्या वर्षीच्या सप्टेंबरात इटलीतील मिलान शहरी बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली. प्रतिनिधी दीडशेहून अधिक. त्यांत बहिरे जवळजवळ नव्हतेच. अमेरिकेहून आलेले जेम्स डेनिसन हे एक ठळक नाव. बहिऱ्या मुलांना ओठ वाचावयास आणि तोंडाने बोलावयास शिकवावे, खुणा वर्ज्य कराव्या, असा ठराव प्रचंड बहुमताने संमत झाला. विरोध केला तो प्रामुख्याने अमेरिकन प्रतिनिधींनी. ठराव करणारे दुष्ट होते असे मी म्हणणार नाही. मुलाच्या तोंडून 'आई' हा शब्द निघावा असे कोणत्या मातेला वाटत नाही? पण जन्मापासून ज्याने ध्वनी ऐकला नाही, त्याचे वर्षच्या वर्ष एकेक उच्चार घटविण्यात जाते आणि गणित, इतिहास, भूगोल बाजूला राहतात. बहिऱ्या शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. मुलांना हातांवर बसविण्याची शिक्षा पुष्कळांनी पुढे सांगितली आहे. टेलिफोनचे संशोधक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांची आई बहिरी, पत्नी बहिरी; तरी त्यांनी १८८३ मध्ये बहिऱ्यांनी आपसांत विवाह केल्यास बहिऱ्यांची एक स्वतंत्र जात निर्माण होईल अशी भीती शास्त्रीय निबंधातून मांडली.

भाषा मात्र मेली नाही. वर्गात बंद झालेली ती वसतिगृहात, अंथरुणावर, दिव्याच्या उजेडात चालू राहिली. मोठ्या मुलांनी लहानांना दिली. अमेरिकेतील बहिऱ्यांच्या राष्ट्रीय संघाने चलच्चित्राची नवी कला हाती घेतली, आणि १९१३ मध्ये जॉर्ज वेडिट्झ यांनी कॅमेऱ्यापुढे उभे राहून आपल्या भाषेच्या रक्षणासाठी हातांनी भाषण केले. ते चित्र आजही पाहावयास मिळते. पुढे १९६० मध्ये विल्यम स्टोकी या प्राध्यापकाने दाखवून दिले की, हाताचा आकार, त्याची जागा आणि त्याची हालचाल यांपासून खुणा बनतात, जसे ध्वनींपासून शब्द. त्या वेळी त्यांच्या सहकाऱ्यांनीही त्यांना हसण्यावारी नेले. मिलानच्या ठरावाबद्दल खेद व्यक्त व्हायला २०१० साल उजाडले. कॅनडातील व्हँकूव्हर येथे त्याच परिषदेच्या पुढच्या पिढीने तो व्यक्त केला.

शाळेने भाषा निर्माण केली नाही हे वर म्हटले. पण शाळेने मुले एकत्र आणली, हे तिचे खरे कार्य. निकाराग्वा देशात १९७० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत बहिरी मुले आपापल्या घरी एकेकटी असत. मानाग्वा येथे शाळा निघून ती शेकड्यांनी जमली. शिक्षक स्पॅनिश उच्चार घटवीत होते. मुलांनी मात्र खेळाच्या मैदानावर आणि बसमध्ये घरगुती खुणांची भेळ केली. मागाहून आलेल्या लहान मुलांनी तिला व्याकरण दिले. विद्वानांच्या डोळ्यांदेखत एक नवी भाषा जन्मास आली. बाली बेटावरील बेंगकला गावाला तर शाळाही लागली नाही. तेथे बहिरेपण पिढ्यान् पिढ्या असल्याने गावानेच भाषा घडविली. त्या भाषेत 'सकाळी नऊ' म्हणावयाचे तर त्या वेळी सूर्य जेथे असतो तेथे बोट दाखवितात.

आता आपल्याकडे वळू. मुंबईत माझगावला बहिऱ्या मुलांची शाळा निघाली ती १८८५ च्या सुमारास, म्हणजे मिलानचा ठराव ताजा असताना. कलकत्त्याची शाळा १८९३ ची. आपल्या शाळांत सामान्यतः उच्चारशिक्षणाचाच आग्रह राहिला. इंग्रजी अक्षरे दोन्ही हातांनी दाखविण्याची ब्रिटिश रीत येथे आली, परंतु बाकीची भाषा ब्रिटिश नाही. १९७० च्या दशकात मदन वसिष्ठ आणि त्यांचे अमेरिकन सहकारी यांनी दिल्ली, कलकत्ता, मुंबई आणि बंगलोर येथील खुणा ताडून पाहिल्या. चारही शहरांची तोंडाची भाषा वेगळी, पण सुमारे तीनचतुर्थांश खुणा एका कुळातल्या निघाल्या. उलरिके झेशान यांना पुढे दिल्ली आणि कराची येथील व्याकरण एकच आढळले. फाळणीची रेघ या हातांवर उमटली नाही! या भाषेत 'कोण, काय, कोठे' यांना मिळून एकच खूण चालते आणि ती वाक्याच्या अगदी शेवटी येते. 'तू कोठे जातोस' असे मराठीत आपण प्रश्न मध्ये घालतो, हात तसे करीत नाहीत.

तेव्हा आपल्याकडील बहिऱ्यांची 'मुके' ही ओळख मुळातच चुकीची आहे. ज्याला भाषा आहे तो मुका कसा? खरा मुकेपणा त्या मुलाच्या वाट्याला येतो, ज्याला ऐकू येत नाही आणि ज्याच्या आसपास हातांनी बोलणारेही कोणी नाही. बहुतेक बहिरी मुले ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. मूल पाणी मागते, आई पाणी देते, तेवढ्या दहावीस खुणांवर घर चालते. मुलगा 'आजोबा कोठे गेले' हे विचारू शकत नाही. भाषा घेण्याची बालपणाची वर्षे मात्र थांबत नाहीत. मोठेपणी शाळेत आलेल्या निकाराग्वातील मुलांना लहानांइतकी सफाई पुढे कधीच आली नाही.

सरकारने २०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेची संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन केली. तिचा कोश २०१८ मध्ये तीन हजार शब्दांचा होता, तो २०२१ पर्यंत दहा हजारांवर गेला. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने या भाषेचे देशभर प्रमाणीकरण करावयाचे ठरविले, आणि स्थानिक खुणांचाही मान राखावा असे त्याच वाक्याच्या पाठोपाठ लिहिले. ही दोन कामे एका हाताने करणे सोपे नाही. पुण्याची खूण घ्यावी की पाटण्याची, हा प्रश्न शब्दागणिक येतो. प्रमाण मराठी घडत असताना वऱ्हाडी आणि कोकणी माणसाने काय सोसले ते आपण जाणतो. या कोशाच्या कामात बहिरी माणसे स्वतः बसलेली आहेत, हा मिलानपेक्षा मोठा फरक आहे. आणि कोशात निरनिराळ्या प्रांतांच्या खुणांनाही जागा दिलेली आहे.