पेंद्याला विसरू नका

नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. जत्रांचा हंगाम जवळ आला, की तिथं फडांच्या राहुट्या उभ्या राहतात. जुन्नर-आंबेगावचेच नव्हे, तर लांबलांबच्या गावांचे पंच सुपारी ठरवायला येतात. राहुटीवर नाव असतं ते फडमालकाचं. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचं नाव तर इतकं मोठं झालं, की राज्य सरकार त्यांच्या नावानं तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं. पण रात्र रंगवणाऱ्या एका भूमिकेचं नाव कुठल्याच फलकावर नसतं. ती भूमिका म्हणजे पेंद्या.

गण झाला, की गवळण येते. गवळणी मथुरेच्या बाजाराला निघालेल्या असतात. सोबत मावशी असते, म्हणजे पदर घेतलेला पुरुषच. कृष्ण आणि त्याचे सवंगडी त्यांची वाट अडवतात. या सवंगड्यांत पेंद्या सर्वांत गबाळा. पाय वाकडा, बोलणं बोबडं. संतांच्या काल्याच्या अभंगांतही तो आहे. गोपाळांच्या शिदोरीत त्याचाही वाटा आहे. देवाच्या पंगतीत लंगड्यालाही जागा आहे, हे सांगायला संतांना तो हवा होता. तमाशानं तोच पेंद्या उचलला आणि त्याला जीभ दिली.

आता गंमत बघा. कृष्णाला कथा सोडता येत नाही. त्यानं बासरी वाजवावी, दही मागावं. पेंद्याला मात्र असलं कुठलंच बंधन नाही. तो मावशीशी बोलता बोलता गोकुळातून थेट समोरच्या गावात येतो. तेलाचा भाव, पाण्याची बोंब, पुढच्या रांगेत बसलेले पुढारी, सगळं त्याच्या बोबड्या बोलात येतं आणि कुणाला रागावता येत नाही. कृष्ण पुराणातला असतो, पेंद्या आपल्या गावचा.

पुढे एकोणिसाव्या शतकात तमाशात वग आला. गवळण त्याच्या आधीचा भाग होऊन राहिली. पण पेंद्या संपला नाही, त्यानं कपडे बदलले. सोंगाड्या म्हणून तो वगात शिरला, कधी राजाचा नोकर, तर कधी नायकाचा दोस्त झाला. १९६५ साली रंगभूमीवर आलेल्या वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये राजा होता, कोतवाल होता, पण लोकांनी डोक्यावर घेतला तो दादा कोंडक्यांचा हवालदार.

दोस्तांच्या टोळीत असा एक कडेचा माणूस लागतोच. १९९४ ते २००४ या काळात गाजलेल्या ‘फ्रेंड्स’ या अमेरिकी मालिकेत सहा मित्र कॉफीच्या दुकानात गप्पा मारतात. दुकानातला गुंथर त्यांच्यातला नव्हे. जेम्स मायकेल टायलर या नटाला तिथं उभं केलं, कारण त्याला कॉफीचं यंत्र चालवता येत होतं. सुरुवातीला त्याला वाक्यही नव्हतं. तरी २०२१ मध्ये तो गेला, तेव्हा जगभरच्या प्रेक्षकांनी हळहळ व्यक्त केली. मात्र दोघांत एक फरक आहे. गुंथरचं प्रत्येक वाक्य लेखकांच्या संहितेत होतं आणि ते चित्रफितीवर राहिलं. आपल्या पेंद्याचं बोलणं रोज नवं, त्या गावापुरतं, त्या रात्रीपुरतं.

म्हणूनच त्याची काळजी वाटते. लावण्या छापल्या गेल्या, तबकड्यांवर गेल्या. बतावणी मात्र बहुतेक हवेतच विरली. २०२० आणि २०२१ या दोन वर्षी महासाथीनं जत्रा बंद पाडल्या, राहुट्या ओस पडल्या. सोंगाड्याची कला पुस्तकातून शिकता येत नाही. ती जुन्याच्या शेजारी उभं राहून, समोरच्या माणसांची नजर वाचत शिकावी लागते. एक हंगाम बुडाला, की एक पाठ बुडतो.

एवढंच सुचवावंसं वाटतं. यंदा गावात फड आला, तर वगाची वाट बघत बाहेर चहा पीत उभे राहू नका. गवळणीलाच येऊन बसा. आणि मोबाइलवर काही टिपायचंच असेल, तर पेंद्याचं बोलणं टिपा, त्याचं खरं नाव विचारून.