जपानच्या मठातील स्वयंपाकघर

वाचकहो, 'व्हीगन' हा शब्द अलीकडे आपल्या कानांवर येऊ लागला आहे. मांस, मासे, अंडी तर नाहीतच. पण दूध, दही, तूप आणि मधही ज्या आहारात नाही, त्याला हे नाव. १९४४ साली इंग्लंडात डोनाल्ड वॉट्सन आणि त्यांच्या सोबत्यांनी हा शब्द घडवला. मोठ्या शहरांतून आता अशी उपाहारगृहे निघाली आहेत. काही ठिकाणी तर ताट एकदम भरून वाढतच नाहीत. एकामागून एक लहान वाट्या येतात. एकीची चव घ्यायची, मग दुसरीकडे वळायचे. आपल्याकडचा माणूस म्हणेल, "दूध नाही, तूप नाही, मग त्या जेवणात उरलं काय?" या प्रश्नाचे उत्तर जपानने शेकडो वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे. ते सापडते तिथल्या बौद्ध मठांच्या स्वयंपाकघरात.

या पाककलेला जपानीत 'शोजिन ऱ्योरी' म्हणतात. ऱ्योरी म्हणजे स्वयंपाक. आणि शोजिन म्हणजे? बौद्ध ग्रंथांतल्या 'वीर्य' या संस्कृत शब्दाचे ते भाषांतर आहे. वीर्य म्हणजे नेटाने केलेला प्रयत्न. तेव्हा 'साधकाचा स्वयंपाक' असा अर्थ घ्या. पाहा, नावात उपासाचा किंवा त्यागाचा उल्लेखही नाही. आहे तो कष्टाचा.

सन ६७५ मध्ये सम्राट तेम्मू याने एक हुकूम काढला. वर्षाच्या चौथ्या महिन्यापासून नवव्या महिन्यापर्यंत गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस खाऊ नये, असा तो हुकूम होता. हे महिने भातशेतीच्या हंगामाचे, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. हरीण आणि रानडुक्कर मात्र त्या यादीत नव्हते. म्हणजे सामान्य माणसाला बंधन होते ते थोडे. मठात ते पूर्ण होते. कांदा-लसणासारख्या उग्र वासाच्या वस्तूही तिथे वर्ज्य. चातुर्मास पाळणाऱ्या आपल्या घरांना यात काही नवल वाटणार नाही.

पण या स्वयंपाकाला खरी प्रतिष्ठा दिली ती दोगेन या भिक्षूने. त्याचा जन्म १२०० सालचा. धर्माचे मर्म शोधण्यासाठी १२२३ साली तो समुद्र ओलांडून चीनला गेला. बंदरात जहाज लागलेले असताना एक म्हातारा भिक्षू जपानी अळंबी विकत घ्यायला जहाजावर आला. वय एकसष्ट. जवळच्या एका मठाचा तो स्वयंपाकी. त्या मठाचे नाव होते 'अशोकराजाचा मठ'. हो, आपल्याच सम्राट अशोकाचे नाव! पाच-सहा कोस चालून हा म्हातारा आला होता. दोगेनने त्याला मुक्कामाचा आग्रह केला. तो म्हणाला, उद्याचे जेवण मला करायचे आहे, राहता येणार नाही. दोगेनला आश्चर्य वाटले. एवढ्या वयाच्या साधूने ध्यान करावे, ग्रंथ वाचावेत. चूल कसली सांभाळतो? म्हातारा मोठ्याने हसला. साधना म्हणजे काय हे या परदेशी तरुणाला अजून उमगले नाही, असे त्याने सरळ सांगून टाकले.

पुढे दुसऱ्या एका मठात दोगेनला आणखी एक वृद्ध आचारी भेटला. भर उन्हात, डोक्याला काही नाही, आणि तो अळंबी वाळत घालीत होता. हे काम दुसऱ्या कोणाला का देत नाही, असे विचारले तेव्हा तो उत्तरला, की दुसरा म्हणजे मी नव्हे.

दोगेन हे विसरला नाही. मायदेशी परतल्यावर १२३७ साली त्याने मठाच्या आचाऱ्यासाठी 'तेंझो क्योकुन' नावाचा ग्रंथ लिहिला. तांदूळ स्वतः धुवावा, खडे स्वतः पाहावेत, एक दाणाही वाया जाऊ देऊ नये, असे त्यात बारकाईने सांगितले आहे. रानातला साधा पाला हाती आला तरी तो उंची जिन्नसाइतक्याच मायेने रांधावा. आणि चवी? कडू, आंबट, गोड, तिखट, खारट या पाचांत त्याने सहावी धरली आहे: सौम्य, म्हणजे पदार्थाची मुळातली चव.

ती सौम्य चव साधतात कशी, तेही ऐका. रस्सा काढायचा तो समुद्रशेवाळ आणि वाळलेली अळंबी भिजवून. सोयाबीनच्या दुधापासून होते तोफू, आणि त्याच दुधावरची साय म्हणजे युबा. तीळ वाटून, त्यात एका वेलीच्या मुळाचे सत्त्व घालून घोटले की लुसलुशीत वडी तयार. कोन्याकू नावाचा पदार्थ ज्या कंदापासून करतात, तो तर आपल्या सुरणाचा चुलतभाऊ. पाच-सहा वाट्यांत ऋतूप्रमाणे हे सारे मांडले, की दुधातुपाची आठवणही होऊ नये. भिक्षूचे रोजचे जेवण मात्र साधे. शेवटी लोणच्याच्या फोडीने आणि गरम पाण्याने वाटी पुसून तेही पाणी तो पिऊन टाकतो.

१८७२ साली मेइजी सम्राटाने मांस खाल्ल्याचे जाहीर झाले. त्याच वर्षी सरकारने भिक्षूंनाही मांसाहाराची मोकळीक दिली. कायद्याचा धाक संपला. पण ती चूल विझली नाही. क्योतोच्या तेन्र्यू-जी मठात आजही प्रवाशांना हे जेवण तांबड्या लाखी भांड्यांतून वाढतात. सक्तीने टिकलेली गोष्ट सक्ती उठताच जाते. चवीने आणि श्रद्धेने धरलेली राहते, याचा हा दाखला.

शिक्षकबंधूंनो, मुलांना हा इतिहास सांगाल तेव्हा सन-सनावळ्यांवर थांबू नका. उन्हात अळंबी वाळवणारा तो म्हातारा त्यांना दाखवा. घरी भाकरी थापणारी आई आणि शाळेत खिचडी शिजवणारी ताई यांच्या कामाला आपण मोठे काम म्हणतो का, हेही एकदा वर्गात विचारा. आणि पुढचा घास थोडा सावकाश चावायला सांगा. सहावी चव घाईत लागत नाही.