नकारांचा हिशेब : रोरी गॅलाहर आणि ब्लूज-रॉकमधली स्वतंत्र वाट

अरुण कोलटकरांना एका मुलाखतीत त्यांच्यावरील प्रभावांविषयी विचारले गेले, तेव्हा त्यांनी उत्तरादाखल नावांची एक लांबलचक यादीच पुढे केली. ती यादी आम्ही वर्गात दरवर्षी वाचून दाखवतो. ज्ञानेश्वर, जनाबाई, तुकाराम, होनाजी, पठ्ठे बापूराव इथवर विद्यार्थी निश्चिंत असतात. काफ्का, बॉदलेअर ही नावे निदान कानांवरून गेलेली असतात. मग रॉबर्ट जॉन्सन, मडी वॉटर्स, लेडबेली, हाउलिंग वुल्फ अशी नावे येऊ लागली की वर्ग गप्प होतो. हे कुठल्या देशाचे कवी, असा प्रश्न चेहऱ्यांवर दिसतो. कोलटकरांच्या लेखी ही माणसे कवींच्याच पंगतीतली होती. ब्लूज आणि रॉकचा त्यांचा ध्यास केवळ श्रोत्याचा नव्हता. १९७३ साली त्यांनी स्वतःची काही इंग्रजी गाणी ध्वनिमुद्रितही केली होती. त्यातून पुढे काही निष्पन्न झाले नाही, पण तो वेगळा विषय.

गेल्या वर्षी ही यादी वाचून झाल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "पण सर, या लोकांचं पोट कशावर चालत होतं?" साहित्याच्या तासाला असे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. आम्ही आशय, अभिव्यक्ती, जाणीव, नेणीव यांविषयी भरभरून बोलतो. कलावंताच्या घरभाड्याविषयी मात्र आमच्या परिभाषेत शब्द नाही. त्या दिवशी आम्ही थातुरमातुर उत्तर देऊन वेळ मारून नेली. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

आधी मडी वॉटर्सविषयी थोडेसे. मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यात शेतमजुरी करणारा हा गायक १९४३ साली शिकागोला आला. खेड्यातल्या ब्लूजला त्याने विजेच्या गिटारीचा आवाज दिला आणि पुढच्या रॉक संगीताचा पाया घातला. रोलिंग स्टोन्स या इंग्रज वाद्यवृंदाचे नाव त्याच्याच एका गाण्यावरून घेतलेले आहे. पण त्याच्या आणि त्याच्यासाठी गाणी लिहिणाऱ्या विली डिक्सनच्या रचनांचे प्रकाशनहक्क शिकागोच्या ध्वनिमुद्रण कंपनीशी संलग्न असलेल्या संस्थेकडे होते. ते पैसे आपल्याला नीट मिळाले नाहीत म्हणून सत्तरच्या दशकात दोघांनाही न्यायालयाची पायरी चढावी लागली. प्रकरण अखेर आपसात मिटले. थोडक्यात, ज्यांनी हे संगीत निर्माण केले त्यांच्या हाती सही करणे होते, नकार देणे नव्हते. पुढे जे सांगायचे आहे ते या पार्श्वभूमीवरच वाचावे, अशी विनंती आहे; अन्यथा नकार देऊ शकणाऱ्या माणसाची गोष्ट उगाच फार उदात्त वाटू लागेल.

ती गोष्ट रोरी गॅलाहर या आयरिश गिटारवादकाची. त्याचा जन्म २ मार्च १९४८ रोजी आयर्लंडच्या वायव्येकडील बॅलीशॅनन या गावी झाला. वडील जलविद्युत प्रकल्पावर कामाला होते, अकॉर्डियन वाजवीत. कुटुंब पुढे डेरीला राहिले. नंतर आई रोरीला आणि धाकट्या डोनलला घेऊन कॉर्कला आली. अमेरिकेने युरोपातल्या आपल्या सैनिकांसाठी चालवलेल्या नभोवाणीवरून ब्लूज त्याच्या कानांवर पडला. शिकवणारे कोणी नव्हते. १९६३ साली, पंधराव्या वर्षी, त्याने कॉर्कमधल्या क्रॉउलीच्या दुकानातून १९६१ सालची, आधी दुसऱ्याने वापरलेली एक फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटार घेतली. किंमत शंभर पौंड. एवढे पैसे घरात असणे शक्यच नव्हते. गिटार हप्त्यांवर घेतली गेली. एकाच गिटारीवर मुख्य सुरावट आणि साथ अशी दोन्ही कामे केली की वृंदात दुसरा गिटारवाला लागणार नाही आणि आपला वाटा वाढेल, असा हिशेब पोराने आईला मांडून दाखवला होता, असे सांगतात. पुढे वाद्यावर दंतकथा रचल्या गेल्या, पण आरंभी तो एक हप्ता होता, हे विसरू नये.

हप्ते फेडायचे तर 'शोबँड'मध्ये वाजवणे भाग होते. त्या काळच्या आयर्लंडमध्ये गावोगावच्या नृत्यगृहांत असे वाद्यवृंद वाजवीत: एकसारखे सूट, ठरलेल्या हालचाली आणि त्या आठवड्यात नभोवाणीवर गाजणारी गाणी जशीच्या तशी. कॅथलिक उपवासपर्वात नृत्यगृहे बंद राहत, तेव्हा हेच वृंद इंग्लंडमधल्या आयरिश मजुरांच्या वस्त्यांत जाऊन पोट भरत. शोबँडविषयी लिहिताना रॉक-समीक्षकांचे नाक थोडे मुरडते. आम्हाला ते अन्यायाचे वाटते. रात्रीमागून रात्र चार-पाच तास उभे राहून वाजवण्याची जी ताकद गॅलाहरकडे पुढे दिसते, ती याच मजुरीतून आली. परंतु लोकांना हवे ते वाजवण्याचा कंटाळाही इथलाच.

१९६६ साली कॉर्कमध्ये त्याने 'टेस्ट' नावाचा तीन माणसांचा वृंद काढला. दोन वर्षांत त्यातले दोघे बदलले, मुक्काम लंडनकडे हलला. 'क्रीम' या विख्यात वृंदाच्या नोव्हेंबर १९६८ मधल्या निरोपाच्या कार्यक्रमात रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये टेस्टने आधी वाजवले. १९६९ साली ते अमेरिकेचा दौरा करून आले. ऑगस्ट १९७० मध्ये आइल ऑफ वाइटच्या महोत्सवात लाखोंच्या समुदायापुढे त्यांनी वाजवले आणि लोकांनी त्यांना पुन्हा पुन्हा मंचावर बोलावले. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस वृंद फुटला. कारण पैसा. कार्यक्रमांचे आणि तबकड्यांचे उत्पन्न व्यवस्थापनाच्या पातळीवरच अडकले. वाजवणाऱ्यांपर्यंत त्यातले फारच थोडे पोहोचले. वृंद मोडल्यानंतरही त्याच्या प्रत्यक्ष कार्यक्रमांच्या ध्वनिमुद्रिका बाजारात येत राहिल्या.

बाविसाव्या वर्षी बसलेला हा चटका गॅलाहरच्या पुढच्या सगळ्या वर्तनाची किल्ली आहे, असे आमचे मत आहे. त्याच्याविषयीच्या लेखनात 'तडजोड न करणारा कलावंत' हा शब्दप्रयोग इतका झिजला आहे की त्याखाली काहीच दिसेनासे झाले आहे. ती कोणा संताची वृत्ती नव्हती. फसवला गेलेल्या कामगाराची सावधगिरी तिच्यात पुष्कळ होती. १९७१ पासून त्याने स्वतःच्या नावाने ध्वनिमुद्रिका काढल्या, त्यांची निर्मिती बहुतेकदा स्वतःच केली आणि व्यवहार भाऊ डोनलच्या हाती सोपवला. मोठ्या कंपन्यांशी करार होतेच (आधी पॉलिडॉर, मग क्रिसालिस). म्हणजे रूढ अर्थाने तो 'स्वतंत्र' नव्हता. त्याचे स्वातंत्र्य करारपत्रात कमी आणि तो काय करायला नाही म्हणे त्यात अधिक होते.

यातला सर्वांत महाग नकार 'सिंगल'चा. सिंगल म्हणजे एका गाण्याची छोटी तबकडी. ती खपली की गाणे क्रमवारीत चढे, क्रमवारीत चढले की दूरचित्रवाणीवर झळके आणि मग मोठी ध्वनिमुद्रिका खपे. ब्रिटनमधल्या यशाचा जिनाच तो. गॅलाहरने ब्रिटनमध्ये सिंगल काढायला नकार दिला. जिना नाही म्हटल्यावर उरला तो रस्ता. वर्षातले बहुतेक दिवस दौऱ्यावर. एक ध्वनिमुद्रिका तर कार्यक्रमांच्या मधल्या वेळात, वाजवून आलेला हात गरम असताना मुद्रित केली गेली. १९७२ ची 'लाइव्ह इन युरोप' आणि १९७४ ची 'आयरिश टूर' या त्याच्या सर्वांत नावाजलेल्या ध्वनिमुद्रिका प्रत्यक्ष कार्यक्रमांच्या आहेत, हा योगायोग नव्हे.

या कष्टांचे फळ काय? आम्हाला दोन प्रसंग महत्त्वाचे वाटतात.

पहिला डिसेंबर १९७१ मधला. मडी वॉटर्स लंडनला ध्वनिमुद्रणासाठी आला होता आणि साथीला तरुण वादक बोलावले होते. त्यांत गॅलाहर होता. पण त्याचे स्वतःचे कार्यक्रमही ठरलेले. ते आटोपून गाडी हाणत तो रात्री उशिरा स्टुडिओत पोहोचे. आपल्यामुळे सगळे खोळंबले या धास्तीने तो आत शिरला, तेव्हा मडी त्याची वाट पाहत थांबला होता. एवढाच प्रसंग. ज्याच्या तबकड्या ऐकून आपण शिकलो त्याच्या शेजारची खुर्ची मिळणे, आणि तीही आपल्यासाठी राखून ठेवलेली असणे, याची किंमत कुठल्या क्रमवारीत लावणार? अर्थात त्या खोलीतली विषमताही नजरेआड करता येत नाही. इंग्लंड-आयर्लंडची गोरी पोरे मडीच्या संगीतावर मोठी झाली होती आणि त्यांच्यातल्या काहींची मिळकत एव्हाना मडीहून कितीतरी जास्त होती. गॅलाहरला याची जाण होती. उसने काय घेतले ते तो कधी लपवीत नसे.

दुसरा प्रसंग बेलफास्टचा. सत्तरच्या दशकात उत्तर आयर्लंड बाँब आणि गोळीबारांनी हादरत होता. बाहेरचे वाद्यवृंद तिकडे फिरकेनासे झाले. गॅलाहर मात्र जात राहिला. १९७३-७४ च्या हिवाळ्यातला दौरा टोनी पामर या दिग्दर्शकाने चित्रित केला. बेलफास्टच्या अल्स्टर हॉलमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट पोरे एकाच गर्दीत उभी असत. पुढच्याच वर्षी, ३१ जुलै १९७५ रोजी, 'मायामी शोबँड'ची गाडी रात्री रस्त्यात अडवून त्यातल्या तीन वादकांना ठार मारण्यात आले. आयर्लंडमध्ये गावोगाव वाजवत फिरणे म्हणजे काय धोका होता, ते यावरून कळते. गॅलाहरने यावर भाषणे केली नाहीत, शांततेची गाणीही लिहिली नाहीत. तो येऊन वाजवून जाई. वाङ्मयीन बांधिलकीची व्याख्या करताना आम्ही पानेच्या पाने खर्ची घालतो. तिच्यात हे येणे-जाणे कुठे बसवायचे, हे आम्हाला अजून उमगलेले नाही.

जानेवारी १९७५ मध्ये रोलिंग स्टोन्सनी त्याला रॉटरडॅमला बोलावले. त्यांचा गिटारवादक नुकताच सोडून गेला होता. गॅलाहर काही रात्री त्यांच्यासोबत वाजवून पाहत राहिला. स्पष्ट होकार-नकार कोणीच देईना आणि तिकडे जपानचा त्याचा दौरा ठरलेला. तो जपानला निघून गेला. ही गोष्ट बाणेदारपणाची म्हणून सांगितली जाते. आम्हाला ती एका लाजऱ्या, दिलेला शब्द पाळणाऱ्या माणसाची वाटते. तिकिटे विकली गेली होती, एवढे कारण त्याला पुरले.

मात्र प्रत्येक नकार असा निष्पाप नव्हता. १९७७ च्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोत एका नामवंत निर्मात्यासोबत त्याने एक अख्खी ध्वनिमुद्रिका तयार केली, महिनोन् महिने तिच्या ध्वनिसंमिश्रणावर घासाघीस केली आणि अखेर ती रद्द करून टाकली. कंपनीचा पैसा, साथीदारांचे श्रम, सगळे पाण्यात. पाठोपाठ त्याने वृंदही मोडला. फक्त बास गिटार वाजवणारा जेरी मॅकअव्हॉय तेवढा राहिला. ते संगीत लोकांना ऐकायला मिळाले ते २०११ साली. आज ते ऐकताना रद्द करण्याजोगे त्यात काय होते, असा प्रश्न आम्हाला पडतो. वेगळे सूर काढण्याचे स्वातंत्र्य आणि स्वतःच्या कामावर कधीच समाधानी न होण्याचा रोग यांतली सीमारेषा अशा वेळी फार पुसट होते. शेवटचा शब्द आपलाच असला की आपल्याला थांबवणाराही कोणी उरत नाही.

ऐंशीच्या दशकात हवा बदलली. सिंथेसायझर आणि दृश्यफितींच्या त्या काळात चौकडीचा सदरा घालून बारा मात्रांचा ब्लूज वाजवणारा माणूस कंपन्यांना नकोसा झाला. तेव्हा त्याने 'कापो' हे स्वतःचे लेबल काढले. त्यावर १९८७ साली 'डिफेंडर' आणि १९९० साली 'फ्रेश एव्हिडन्स' या ध्वनिमुद्रिका आल्या. आता कुठे तो व्यावसायिक अर्थानेही स्वतंत्र झाला, पण तोवर शरीर थकले होते. विमानप्रवासाची भीती, ती घालवण्यासाठी घेतलेल्या गोळ्या, जोडीला मद्य. लग्न केले नाही. अखेरची वर्षे बरीचशी लंडनच्या हॉटेलात एकट्याने काढली. जानेवारी १९९५ मध्ये नेदरलँड्समध्ये तो शेवटचे वाजवला. यकृताचे प्रत्यारोपण झाले, त्यानंतर जंतुसंसर्ग झाला आणि १४ जून १९९५ रोजी, सत्तेचाळिसाव्या वर्षी, तो गेला. कॉर्कजवळ त्याला पुरले.

विद्यार्थिनीच्या प्रश्नाला आता उत्तर देता येईल. पोट रस्त्यावर चालले: रोजच्या तिकिटांवर, हिशेब ठेवणाऱ्या भावावर आणि न कुरकुरता वाजत राहणाऱ्या शरीरावर, ते चालले तोवर. उपेक्षित, दरिद्री कलावंताचे जे चित्र आम्ही मराठीचे शिक्षक हौसेने रंगवतो, त्यात हा माणूस बसत नाही. सभागृहे भरत होती. पण भरलेल्या सभागृहातून हॉटेलच्या खोलीत परतल्यावरच्या वेळाचा हिशेब डोनललाही ठेवता आला नसणार.

राहता राहिली ती हप्त्यांवरची गिटार. साठच्या दशकात ती डब्लिनमध्ये चोरीला गेली होती आणि काही दिवसांनी उघड्यावर टाकलेली सापडली. तिचा रंग मात्र मुख्यतः त्याच्या घामाने, वर्षानुवर्षे वाजवल्याने झिजून गेला. १७ ऑक्टोबर २०२४ रोजी लंडनमध्ये बोनहॅम्सने तिचा लिलाव केला. ८,८९,४०० पौंडांना ती गेली. आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला देण्यासाठी एका संगीत-व्यवसाय संस्थेने ती घेतली. तिचे छायाचित्र आम्ही वर्गात दाखवले, तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले की रंग तर सगळा उडालाय. मूळचा तांबूस-पिवळा रंग काठाकाठाने तेवढा शिल्लक आहे. जिथे हात टेकत असे तिथे नुसते लाकूड दिसते.