बिनतारी लहरींतील विघ्नें आणि त्यांचे शोधक

इ. स. १९०३ च्या जून महिन्यांत लंडन येथील रॉयल इन्स्टिट्यूशनच्या सभागृहांत प्रोफेसर फ्लेमिंग यांचें बिनतारी तारायंत्रावर व्याख्यान होतें. मार्कोनीनें दूरच्या केंद्रावरून धाडलेला संदेश श्रोत्यांच्या देखत उतरून घेऊन दाखवावयाचा, असा बेत होता. मार्कोनीचें म्हणणें असें कीं, आपलीं यंत्रें एका ठराविक लहरीशीं जुळविलेलीं असल्यामुळें त्यांत परक्याचा शिरकाव होऊं शकत नाहीं. परंतु संदेशाची वेळ येण्यापूर्वींच सभागृहांतील यंत्र कडकडूं लागलें आणि ‘उंदीर’ या अर्थाचा एक इंग्रजी शब्द पुनःपुन्हां उमटवूं लागलें. मागोमाग मार्कोनीची टवाळी करणारें पद्यहि आलें. हा खोडसाळपणा नेव्हिल मॅस्केलिन नांवाच्या जादूगाराचा होता. फ्लेमिंगनें ‘टाइम्स’मध्यें संतापून पत्र लिहिलें, तेव्हां मॅस्केलिननें त्याच पत्रांत उत्तर देऊन आपण हें बुद्ध्याच केल्याचें सांगून टाकलें. मार्कोनीच्या पक्षाला हा प्रकार असभ्य वाटला, व तो असभ्य होताहि. पण जादूगाराचा मुद्दा मात्र खरा होता. भिंतीला कान असतात असें म्हणतात. हवेला तर भिंतच नाहीं.

आज पुष्कळशा शहरी घरांत इंटरनेट हें बिनतारी वाटेनेंच एका खोलींतून दुसऱ्या खोलींत जातें. मुलाची परीक्षा चालू असतां, परदेशीं असलेल्या लेकीशीं बोलतांना, किंवा डॉक्टरांचा सल्ला घेत असतांना तें अचानक तुटतें. कांहीं क्षणांनीं आपोआप जुळतें, आणि पुन्हां तुटतें. अजिबात बंद पडलेलें यंत्र दुरुस्त करणें त्या मानानें सोपें. अधूनमधून बिघडणारें यंत्र कारागीर दारांत येतांच शहाण्यासारखें वागूं लागतें. मग दोष कंपनीचा, राउटरचा, कीं घरांतल्याच कोणाचा, यावर वाद माजतो. परंतु लपंडाव खेळणाऱ्या या व्याधीचें निदान करण्याची विद्या वायफायपेक्षां पुष्कळच जुनी आहे.

१९३० च्या सुमारास अमेरिकेंतील बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेपुढें हेंच दुखणें होतें. अटलांटिक महासागरापलीकडे बिनतारी टेलिफोननें बोलतांना खरखर येई. तिचें मूळ हुडकण्याचें काम कार्ल जान्स्की या पंचविशीच्या आंतबाहेरील तरुणाकडे आलें. त्यानें न्यू जर्सी प्रांतांतील होल्मडेल येथें एक लांबलचक एरियल उभारला, तो फोर्ड मोटारीच्या चार चाकांवर बसविला, आणि दर २० मिनिटांस त्याची एक प्रदक्षिणा होईल अशी तजवीज केली. सहकारी त्याला थट्टेनें चक्री पाळणा म्हणत. १४.६ मीटर लांबीच्या लहरीवर हा पाळणा दिवसरात्र कान देऊन फिरत असे, आणि ऐकूं येणाऱ्या प्रत्येक आवाजाची दिशा व वेळ कागदावर नोंदली जात असे.

जान्स्कीला आवाजाचे तीन प्रकार आढळले: जवळच्या वादळांचा कडकडाट, दूरच्या वादळांची कुजबूज, आणि तिसरी एक मंद, अखंड सळसळ. ही तिसरी प्रथम सूर्याकडून येते असें वाटलें. परंतु महिन्यांमागून महिने नोंदी ठेवल्यावर दिसून आलें कीं, तिचा जोर २४ तासांनीं नव्हे, तर २३ तास ५६ मिनिटांनीं परत येतो. पंचांग जाणणाऱ्यास या ४ मिनिटांचा अर्थ सांगावयास नको. हा सौर दिवस नव्हे, नाक्षत्र दिवस होय. सळसळ सूर्याची नव्हती, ताऱ्यांची होती. ती आकाशगंगेच्या मध्यभागाकडून, धनु राशीच्या दिशेनें येत होती. मे १९३३ मध्यें ही वार्ता ‘न्यू यॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर आली. कंपनीला मात्र आपल्या प्रश्नाचें उत्तर मिळालें होतें. आकाशगंगा कांहीं बंद करतां येत नाहीं. जान्स्कीकडे दुसरें काम सोंपविण्यांत आलें, आणि १९५० सालीं, वयाच्या ४४ व्या वर्षीं, तो वारला. रेडिओ-ज्योतिष या शास्त्राचा जन्म असा एका तक्रारीच्या चौकशींतून झाला. चार मिनिटांचा फरक त्यानें क्षुल्लक मानला असता तर ती चौकशी सूर्यापाशींच संपली असती.

घरगुती इंटरनेटचें विघ्न समजण्यास आकाशगंगेपर्यंत जावयास नको; स्वयंपाकघर पुरेसें आहे. १९४० सालीं बर्मिंगहॅम येथें रँडॉल व बूट यांनीं रडारसाठीं प्रबळ मॅग्नेट्रॉन तयार केला. पुढें १९४५ मध्यें, अशाच मॅग्नेट्रॉनजवळ उभ्या असलेल्या पर्सी स्पेन्सरच्या खिशांतलें चॉकलेट वितळलें, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. त्यांतून मायक्रोवेव्ह भट्टी निघाली. अशा यंत्रांसाठीं १९४७ च्या ॲटलांटिक सिटी येथील परिषदेंत २४५० मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा मोकळा सोडण्यांत आला. संदेशवहनाच्या दृष्टीनें हा पट्टा म्हणजे उकिरडाच. तेथें कोणीहि ऊर्जा सांडावी आणि कोणी तक्रार करूं नये. १९८५ सालीं अमेरिकन सरकारनें याच उकिरड्यावर विनापरवाना संदेशवहनास मुभा दिली. अट एवढीच कीं, इतरांचा उपद्रव होईल तो मुकाट्यानें सोसावा. वायफायचें पहिलें मानक १९९७ मध्यें निघालें, आणि भारतांत हा पट्टा जानेवारी २००५ मध्यें परवान्यांतून मुक्त झाला. भट्टींत शेंकडों वॅटांची शक्ति खेळते. राउटरची शक्ति साधारण एक दशांश वॅट. भट्टींतून निसटणारा अंश शरीरास बाधक नसला, तरी राउटरचें बोलणें बुडविण्यास पुरेसा होतो.

दुसरें विघ्न शेजाऱ्यांचें. १९७१ सालीं हवाई विद्यापीठांत नॉर्मन अब्रॅम्सन यांनीं बेटाबेटांवरील यंत्रें एकाच लहरीवर बोलतीं केलीं. दोन संदेश एकमेकांवर आदळले तर प्रत्येकानें यदृच्छेनें कमीअधिक वेळ थांबून पुन्हां बोलावें, असा नियम होता. हिशेब केला तेव्हां आढळलें कीं, या रीतीनें मार्गाचा जास्तींत जास्त १८ टक्केच भाग कारणीं लागतो. वायफाय अधिक सभ्य आहे. तें आधीं ऐकतें, शांतता असेल तरच बोलतें. परंतु चाळींत सर्वच सभ्य असले तरी नळ एकच! या पट्ट्यांतील मार्गांना १ पासून १३ पर्यंत क्रमांक असले, तरी एकमेकांस न घासणारे मार्ग तीनच, १, ६ व ११. मोठ्या इमारतींत वीस घरांचे राउटर या तिघांत दाटीवाटीनें बसतात. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत जागा अधिक, पण तेथील लहरी भिंतींपुढें लवकर दमतात. शिवाय त्याच्या कांहीं भागांत रडारची चाहूल लागतांच राउटरला मार्ग सोडावा लागतो, आणि घरांतल्यांना वाटतें, यंत्र विनाकारण बंद पडलें.

भिंतींचा उपद्रव याहून सूक्ष्म आहे. लहर भिंती, कपाटें, आरसे यांवर आदळून अनेक वाटांनीं पोंचते, आणि आपल्याच प्रतिध्वनींत बुडते. यावर तोडगा काढणाऱ्यांत ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संस्थेचे जॉन ओ’सुलिव्हन प्रमुख होते. त्यांनीं १९७० नंतरच्या दशकांत नेदरलंड्समध्यें स्फोट पावणाऱ्या कृष्णविवरांच्या रेडिओ-ठिणग्या शोधल्या होत्या. ठिणग्या सांपडल्या नाहींत. पण विस्कटलेल्या लहरी पुन्हां जुळविण्याचें त्या वेळचें गणित पुढें घरांतल्या प्रतिध्वनींवर लागू पडलें, आणि १९९६ सालीं त्याचें अमेरिकन पेटंट मिळालें. याच संस्थेंत १९५३ ते १९५५ या काळांत गोविंद स्वरूप शिकले. सिडनीजवळच्या पॉट्स हिल येथील ३२ छोट्या तबकड्या भारतास भेट मिळाल्या, व त्यांनीं त्या १९६५ सालीं मुंबईजवळ कल्याण येथें उभारल्या. पुढें त्यांच्याच नेतृत्वाखालीं नारायणगांवजवळ खोडद येथें ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची दुर्बीण झाली. तेथें जागा निवडतांना रेडिओ-कोलाहल कमी असणें हें मोठें कारण होतें.

सीएसआयआरओच्याच पार्क्स येथील दुर्बिणीची फजिती मात्र सांगितलीच पाहिजे. १९९८ पासून तिच्या नोंदींत कांहीं चमत्कारिक क्षणिक स्पंद सांपडत. ते आकाशांतले नव्हते हें कळत होतें. पण अंतराळांतून आलेल्या खऱ्या स्पंदांशीं त्यांचें इतकें साम्य, कीं खऱ्यांविषयींच संशय उत्पन्न झाला. ते बहुधा कचेरीच्या वेळांतच येत, ही खूण बोलकी होती. २०१५ सालीं एमिली पेट्रॉफ व सहकाऱ्यांनीं उलगडा केला. वेधशाळेंतील कोणी भुकेला माणूस मायक्रोवेव्ह भट्टी थांबण्याची वाट न पाहतां दार उघडी, त्या निमिषांत मॅग्नेट्रॉन विझतां विझतां स्पंद सोडी, आणि दुर्बीण तो टिपून घेई. खरे स्पंद त्यामुळें संशयमुक्त झाले.

या सर्व मंडळींची पद्धति एकच: आधीं क्षेत्र विभागावें, मग वेळ लिहावी. राउटरला संगणक तारेनें जोडून पाहिला आणि तरीहि खंड पडला, तर दोष बाहेरच्या ओळीचा किंवा राउटरचाच. तारेवर सुरळीत चालून हवेंतच तुटत असेल, तर दोष घरांत किंवा शेजारीं. पुढें वहींत वेळ टिपावी, आणि एकेका उपकरणाचें बटण बंद करून पाहावें.

वेल्समधील ॲबरहोसन या खेड्यांत, तांब्याच्या तारेनें येणारें इंटरनेट सुमारें १८ महिने रोज सकाळीं ७ वाजतां कोलमडत होतें. कंपनीनें तारा बदलल्या, उपयोग झाला नाहीं. अखेर इंजिनीयर पहाटे लहरमापक यंत्र घेऊन गांवांत हिंडले. बरोबर सात वाजतां कांटा उसळला. एका घरांत त्या वेळीं एक जुना, वापरलेला घेतलेला दूरचित्रवाणी संच लावला जात असे. त्यांतून निघणाऱ्या विद्युत्-ठोक्यानें सारें खेडें मुकें होई. सप्टेंबर २०२० मध्यें कंपनीनें ही हकीकत प्रसिद्ध केली. मालक अतिशय ओशाळले, आणि त्यांनीं तो संच पुन्हां न लावण्याचें तत्काळ मान्य केलें.