घरगुती व्हिडिओ कॅसेटचे डिस्कवर रूपांतर : काय करावे, काय टाळावे

अकलूज : १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने देशात रंगीत दूरदर्शन आले आणि पुढील दशकभरात महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातही लग्नाची ‘शूटिंग’ ही प्रतिष्ठेची बाब ठरली. अकलूज व माळशिरस परिसरातील अनेक घरांच्या कपाटांत त्या काळातील व्हीएचएस कॅसेट आजही आढळतात. त्यांत केवळ विवाहसोहळेच आहेत असे नाही. संत तुकाराम महाराजांच्या पालखीचे सराटी येथील नीरास्नान, त्यानंतरचे माने विद्यालयाच्या मैदानावरील रिंगण, नव्वदच्या दशकात सुरू झालेल्या लावणी स्पर्धा असे गावाचे सार्वजनिक जीवनही हौशी मंडळींनी टिपून ठेवलेले असू शकते. अशा चित्रीकरणाची दुसरी प्रत बहुधा कोठेही नसते.

या कॅसेट डिजिटल स्वरूपात आणण्याची घाई का करावी, याचे उत्तर फितीपेक्षा यंत्रात आहे. जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ साली बाजारात आणलेल्या व्हीएचएस पद्धतीचे व्हीसीआर अखेरपर्यंत तयार करणाऱ्या फुनाई या जपानी कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबविले. आता जे यंत्र मिळेल ते जुनेच, आणि त्याचे हेड, रबरी रोलर वा पट्टा बदलायचा झाल्यास दुसरे जुने यंत्र मोडावे लागते. युनेस्को व ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१९ साली दिलेल्या इशाऱ्यात चुंबकीय फितींसाठी २०२५ ही मुदत सांगितली होती, तीही प्रामुख्याने यंत्रांच्या टंचाईमुळेच. ती मुदत उलटून गेली आहे. चालू स्थितीतील व्हीसीआर व तो हाताळणारा जाणकार आज गावात वा जवळपास असेल, तर त्याचा लाभ घेणे शहाणपणाचे.

व्हीएचएसची फीत १२.६५ मिलिमीटर रुंद असून पॉलिस्टरच्या पट्टीवर चुंबकीय कणांचा थर चिकटविलेला असतो. तीन तासांच्या कॅसेटमध्ये अशी अडीचशे मीटरहून अधिक फीत गुंडाळलेली असते. उष्णता आणि दमटपणा हे तिचे शत्रू. सोलापूर जिल्ह्याचा उन्हाळा आणि पत्र्याखालचा माळा ही जोडी कॅसेटला घातक ठरते, तर पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीलगतच्या कपाटात बुरशी वाढते. कॅसेटच्या खिडकीतून आत पाहावे. फितीच्या कडेवर पांढरट भुकटी वा जाळी दिसल्यास ती कॅसेट कदापि यंत्रात घालू नये. व्हीसीआरचे हेड मिनिटाला दीड हजार फेरे घेते. बुरशी त्यावर चिकटते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागते. अशी फीत आधी जाणकाराकडून स्वच्छ करून घ्यावी लागते.

कॅसेट यंत्रात घालण्यापूर्वी तिच्या कडेची छोटी प्लॅस्टिकची पाकळी तोडावी, म्हणजे चुकून ‘रेकॉर्ड’चे बटण दाबले गेले तरी जुने चित्रीकरण पुसले जात नाही. नंतर फीत एकदा शेवटपर्यंत पुढे व पुन्हा मागे गुंडाळून सैल करावी. चित्रात पट्टे येत असतील तर ‘ट्रॅकिंग’ जुळवावे. रूपांतर ‘चालत्या वेळेत’च होते, तीन तासांच्या कॅसेटला तीन तास लागणारच. व्हीसीआरच्या पिवळ्या, पांढऱ्या व लाल वायरी डीव्हीडी रेकॉर्डरला किंवा संगणकाच्या कॅप्चर उपकरणाला जोडल्या जातात. स्वस्त उपकरणांत फितीचा संकेत थरथरला की चित्र व आवाज यांचा मेळ सुटत जातो. म्हणून सुरुवातीची पाच मिनिटे पाहून समाधान मानू नये. शेवटच्या भागात ओठ आणि शब्द जुळतात का, हे पाहूनच काम ताब्यात घ्यावे.

अमेरिकेतील नातेवाइकांनी पाठविलेल्या कॅसेटची गोष्ट वेगळी. तेथील एनटीएससी पद्धतीत ५२५ रेषा असतात, आपल्याकडील पाल पद्धतीत ६२५. त्यासाठी दोन्ही पद्धती चालणारा व्हीसीआर लागतो.

लग्नाच्या कॅसेटबाबत मात्र एक खास मराठी अडचण आहे. त्या काळच्या छायाचित्रकारांनी मंगलाष्टकांपासून पाठवणीपर्यंत सर्वत्र चित्रपटगीते चढविली आणि आज्जीचा उखाणा, भटजींचा आवाज, मांडवातील गलका त्याखाली गाडला गेला. हौस म्हणून ते ठीक होते, पण आज ऐकायचा असतो तो गलकाच. याला दोन वाटा आहेत. संपादित कॅसेट ही मूळ चित्रीकरणाची नक्कल असते आणि प्रत्येक नकलेत चित्र फिके होते. म्हणून स्टुडिओकडे किंवा स्वतःच्या घरी मूळ, न जोडलेली कॅसेट शिल्लक आहे का, ते आधी विचारावे. तिच्यात चित्र अधिक स्वच्छ आणि आवाजही शाबूत असतो. दुसरी वाट हाय-फाय व्हीसीआरची. चित्रीकरण हाय-फाय कॅमेऱ्यावर झाले असेल आणि गाणी त्याच फितीवर नंतर चढविली असतील, तर ती फक्त कडेच्या साध्या ध्वनिपट्टीवर जातात. चित्राखाली नोंदलेला मूळ आवाज तसाच राहतो. व्हीसीआरवर आवाजाची निवड ‘नॉर्मल’वरून ‘हाय-फाय’वर नेली की तो ऐकू येतो. हे नेहमी साधेलच असे नाही, तथापि तपासून पाहण्यास खर्च नाही.

ज्यांनी २००० नंतर कॅसेटची व्हीसीडी करून घेतली, त्यांनीही काम संपले असे समजू नये. व्हीसीडीत चित्राच्या ५७६ रेषांपैकी २८८ च उरतात. कॅसेट टाकून दिली नसेल तर ती पुन्हा नव्याने रूपांतरित करावी.

डीव्हीडीत ४.७ गिगाबाइट जागा असून तीत दोन तास चांगल्या दर्जाने मावतात. चार तास कोंबल्यास चित्राचे चौकोन पडतात. डिस्क कमी वेगाने लिहावी, ती ‘फायनलाइज’ केल्याची खात्री करावी आणि तिच्यावर कागदी लेबल चिकटवू नये. लिहिता येणाऱ्या डीव्हीडीतील रंगद्रव्य ऊन व उष्णतेने खराब होते, शिवाय आजच्या बहुतेक लॅपटॉपना डिस्क घालण्याची सोयही नसते. त्यामुळे काम देताना डिस्कबरोबर संगणकीय फाइलही मागून घ्यावी, तिच्या दोन प्रती वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवाव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या गावातील नातेवाइकाकडे द्यावी. एकट्या पेनड्राइव्हवर विसंबू नये.

दर कॅसेटमागे आहे की तासामागे, हे आधी ठरवून घ्यावे. कॅसेट देताना प्रत्येकीवर क्रमांक घालून यादी स्वतःजवळ ठेवावी. फाइल हाती आली की घरातील वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून चित्रातील माणसांची नावे, गाव व साल लिहून घ्यावे. कॅमेऱ्यासमोरून पंगतीत वाढत गेलेला माणूस कोण, हे सांगणारे दोघे-तिघेच उरलेले असतात. मूळ कॅसेट रूपांतरानंतरही जपून ठेवावी : पूर्ण मागे गुंडाळून, पुस्तकासारखी उभी, स्पीकर व चुंबकापासून दूर, माळ्यावर नव्हे तर घरातील सर्वांत थंड व कोरड्या कपाटात.