एकाच भूखंडाच्या अनेक किमती : जमिनीच्या मूल्यांककावर केंद्राची देखरेख

हैदराबादच्या पश्चिमेस कोकापेट येथे महानगर विकास प्राधिकरणाने ३ ऑगस्ट २०२३ रोजी ‘निओपोलिस’ वसाहतीतील भूखंडांचा लिलाव केला. प्राधिकरणाने ठरवलेली किमान किंमत एकरी ३५ कोटी रुपये होती. सायंकाळपर्यंत एका भूखंडाची बोली एकरी १०० कोटी ७५ लाखांवर गेली आणि सुमारे ४५ एकर जमिनीतून ३,३०० कोटींहून अधिक रक्कम उभी राहिली. लगतच्या गावातील ज्या जमीनमालकाला बँकेकडे तारण ठेवायचे होते, त्याच्या अपेक्षा एका दिवसात तिप्पट झाल्या असल्यास नवल नाही. परंतु त्या जमिनीच्या अहवालावर ज्याने सही करायची, त्या मूल्यांककापुढे प्रश्न निराळाच होता. ३५ कोटी, १०० कोटी आणि निबंधक कार्यालयाच्या दरपत्रकातील आकडा या तिघांपैकी खरी किंमत कोणती? आणि उद्या आकडा चुकीचा ठरला, तर जाब विचारणार कोण?

जमीन हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार राज्यांच्या अखत्यारीतील विषय. महसुली नोंदी, मुद्रांकासाठीचे दर, बांधकाम परवाने हे सारे तेलंगण सरकारच्या हाती आहे. मात्र जमिनीची किंमत सांगणाऱ्या व्यक्तीवर, म्हणजे बोलीभाषेतील ‘व्हॅल्युअर’वर, जी काही देखरेख आहे ती जवळजवळ सर्वस्वी केंद्रीय कायद्यांतून आणि केंद्रीय संस्थांकडून येते. तीही एका ठिकाणाहून नव्हे. वकिलांना बार कौन्सिल आहे, सनदी लेखापालांना त्यांची संस्था आहे. मूल्यांककाला असे एकच घर नाही. त्याच्याकडे प्राप्तिकर खाते पाहते, नादारी आणि दिवाळखोरी मंडळ पाहते, रिझर्व्ह बँक बँकांच्या आडून पाहते आणि प्रसंग आलाच तर केंद्रीय अन्वेषण विभागही पाहतो.

या देखरेखीचा सर्वांत जुना धागा करवसुलीचा आहे. १९५७ च्या संपत्तिकर कायद्यात कालांतराने ३४एबी हे कलम घालण्यात आले आणि प्राप्तिकर खात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे मूल्यांककांची नोंदणी सुरू झाली. श्रीमंतांच्या मालमत्तेवर कर लावायचा, तर तिचे मोल ठरवणारा माणूस सरकारला ठाऊक असला पाहिजे, हा त्यामागील सरळ हिशेब. पुढे २०१५ च्या वित्त कायद्याने संपत्तिकरच रद्द झाला, पण त्याची नोंदवही मागे उरली. थकीत कर्जाच्या वसुलीसाठीच्या सरफेसी कायद्याखालील २००२ च्या नियमांत ‘मान्यताप्राप्त मूल्यांकक’ या शब्दाची व्याख्या याच कलमावर बेतलेली आहे. तारण घर लिलावात काढण्यापूर्वी बँकेच्या अधिकाऱ्याने अशा मूल्यांककाकडून किंमत काढून घ्यावी आणि मगच राखीव किंमत ठरवावी, असे हे नियम सांगतात. कर्जदाराचे घर किती रुपयांपासून पुकारले जाईल हे अशा रीतीने एका मृत कराच्या नोंदवहीवर अवलंबून राहिले. भारतीय कायद्याच्या इतिहासात अशा गमती नव्या नाहीत.

दुसरा धागा कंपनी कायद्याचा, आणि त्याच्याशी हैदराबादचा संबंध जवळचा आहे. १६ डिसेंबर २००८ रोजी सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेसच्या संचालक मंडळाने ‘मायटास’ नावाच्या दोन कंपन्या सुमारे १६० कोटी डॉलरना घेण्याचे ठरवले. ‘सत्यम’ची इंग्रजी अक्षरे उलटी लिहिली की ‘मायटास’ होते, आणि दोन्हींकडे प्रवर्तक कुटुंब तेच होते. सौद्यातील मोठा वाटा, सुमारे १३० कोटी डॉलर, मायटास प्रॉपर्टीजचा होता. त्या कंपनीचे मोल मुख्यतः तिच्या हाती असलेल्या जमिनींचे. भागधारक खवळले आणि काही तासांतच सौदा मागे घ्यावा लागला. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी हिशेबातील बनावटीची कबुली दिली, तेव्हा उलगडा झाला. हिशेबात कागदावरच असलेली मालमत्ता खऱ्या मालमत्तेने भरून काढण्याचा तो शेवटचा प्रयत्न होता. जमिनीला लावलेला आकडा हजारो कोटींचा खड्डा बुजवण्याच्या कामी येऊ शकतो, हे देशाला त्या वेळी कळले.

नव्या कंपनी विधेयकाचा मसुदा सत्यम प्रकरणाच्या आधीच, २००८ च्या ऑक्टोबरात, संसदेत आला होता. त्यामुळे मूल्यांककांविषयीची तरतूद केवळ सत्यममुळे आली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि २०१३ चा कंपनी कायदा ज्या वातावरणात संमत झाला, त्यावर हैदराबादची सावली होती हे नाकारता येत नाही. या कायद्याचे २४७ वे कलम सांगते की कंपनीच्या मालमत्तेचे मूल्यांकन नोंदणीकृत मूल्यांककानेच करावे आणि त्याची नेमणूक लेखापरीक्षण समितीने, ती नसल्यास संचालक मंडळाने करावी. ज्या मालमत्तेत मूल्यांककाचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध आहे, तिला त्याने हात लावू नये. नेमणुकीपूर्वीची तीन आणि मूल्यांकनानंतरची तीन वर्षे हे बंधन लागू राहते. फसवणुकीच्या हेतूने चुकीचे मूल्य दिल्यास एक वर्षापर्यंत कारावास आणि एक ते पाच लाख रुपये दंड आहे. दोषी ठरलेल्याने घेतलेले शुल्क परत करायचे आणि नुकसानही भरून द्यायचे.

कायदा २०१३ चा असला, तरी हे कलम आणि त्याखालील नियम प्रत्यक्षात आले ते १८ ऑक्टोबर २०१७ रोजी. देखरेखीचे काम नादारी आणि दिवाळखोरी मंडळाकडे सोपवण्यात आले. जमीन व इमारत, यंत्रसामग्री आणि रोखे व वित्तीय मालमत्ता असे तीन वर्ग पडले. जमीन-इमारतीच्या वर्गात येऊ इच्छिणाऱ्याकडे स्थापत्य अभियांत्रिकी, वास्तुकला वा नगररचनेसारखी पदवी आणि काही वर्षांचा अनुभव लागतो. त्याने मान्यताप्राप्त संघटनेचे सभासदत्व घ्यायचे, ५० तासांचा अभ्यासक्रम पूर्ण करायचा आणि मंडळाच्या परीक्षेत ६० टक्के गुण मिळवायचे. चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. तीस-तीस वर्षे जमिनी मोजत आलेल्या ज्येष्ठांनाही ही परीक्षा चुकली नाही. जुन्यांसाठीची मुदत दोनदा वाढवून ३१ जानेवारी २०१९ ला संपली. अहवालात काय असावे हेही नियमांनीच ठरवले आहे : मूल्यांकनाचा हेतू, हितसंबंधांचा खुलासा, पाहणीचा तपशील, माहितीचा उगम, वापरलेली पद्धत, अहवालाच्या मर्यादा. एका पानावर एक आकडा आणि खाली शिक्का, हा जुना प्रघात निदान या क्षेत्रात तरी बाद झाला.

दिवाळखोरीच्या प्रकरणांत या आकड्यांचे वजन सर्वाधिक जाणवते. नव्या संहितेखाली मंजूर झालेली देशातील पहिली पुनरुज्जीवन योजना राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या हैदराबाद पीठाने २ ऑगस्ट २०१७ रोजी संमत केली. प्रकरण सिनर्जीज-डूरे ऑटोमोटिव्ह या कंपनीचे होते. सुमारे ९७२ कोटींच्या मान्य देण्यांपैकी धनकोंच्या वाट्याला सुमारे ५४ कोटी आले. इतके थोडे का स्वीकारले, याचे उत्तर मूल्यांककांच्या अहवालात असते : कंपनी मोडीत काढली असती तर मिळणारी रक्कम त्याहूनही पुष्कळ कमी होती. आज अशा प्रकरणात दोन स्वतंत्र नोंदणीकृत मूल्यांकक नेमले जातात आणि ते योग्य मूल्य व अवसायन मूल्य असे दोन आकडे देतात. दोघांच्या अवसायन मूल्यांत २५ टक्क्यांचा फरक पडला, तर तिसरा मूल्यांकक नेमता येतो, आणि जवळच्या दोन आकड्यांची सरासरी धरली जाते. पगार थकलेला कामगार, माल पुरवून बसलेला छोटा व्यापारी आणि बँकेचा ठेवीदार यांना त्या मूल्यांककांची नावेही ठाऊक नसतात.

सामान्य कुटुंबाची गाठ पडते ती रिझर्व्ह बँकेच्या नियमांशी, तीही नकळत. रिझर्व्ह बँक मूल्यांककाची नोंदणी करत नाही, त्याला परवाना देत नाही, शिक्षाही करत नाही. ती बँकांना सांगते की संचालक मंडळाने मंजूर केलेले धोरण असू द्या, पात्र आणि हितसंबंध नसलेल्या मूल्यांककांचीच यादी करा, ५० कोटी वा अधिक मूल्याच्या मालमत्तेसाठी किमान दोन स्वतंत्र अहवाल घ्या. २००७ च्या जानेवारीपासून ही चौकट आहे. गृहकर्जाचे प्रमाणही रिझर्व्ह बँकच ठरवते. ३० ते ७५ लाखांच्या कर्जासाठी ते घराच्या मूल्याच्या ८० टक्के आहे. समजा, मियापूर भागात ६० लाखांच्या सदनिकेचा करार झाला. कर्ज ४८ लाख मिळेल असे गृहीत धरून कुटुंबाने उरलेल्या १२ लाखांची जुळवाजुळव केली. बँकेच्या मूल्यांककाने सदनिका ५५ लाखांची ठरवली, तर बँका बहुधा कमी आकडा धरतात आणि कर्ज ४४ लाखांवर येते. वरचे चार लाख कुठून आणायचे, हा प्रश्न कुटुंबाचा.

उलट बाजूही आहे. आकडा फुगवला, तर कर्ज सहज मिळते आणि बुडाल्यावर तारण अपुरे पडते. नारायणगुडा हा हैदराबादेतील मराठी कुटुंबांच्या ओळखीचा भाग. तेथील एका बँक शाखेतून दिलेल्या गृहकर्जांच्या घोटाळ्यात केंद्रीय अन्वेषण विभागाने शाखाधिकाऱ्यांबरोबर बँकेच्या यादीवरील वकिलाला आणि मूल्यांककालाही आरोपी केले होते. वकिलापुरते ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१२ च्या सप्टेंबरात न्यायालयाने म्हटले की व्यवसायातील निष्काळजीपणा निराळा आणि कटातील सहभाग निराळा, आणि दुसऱ्याचा पुरावा नसेल तर फौजदारी खटला चालत नाही. निवाडा वकिलाविषयीचा होता, तरी बँकेला मत देणारा प्रत्येक व्यावसायिक तो लक्षात ठेवून असतो. न्यायालयाबाहेर मात्र आणखी एक शिक्षा आहे. घोटाळ्यात भूमिका दिसलेल्या मूल्यांककांची, वकिलांची, बिल्डरांची नावे बँका भारतीय बँक संघाला कळवतात आणि तेथून ती इतर बँकांना सावधगिरीसाठी मिळतात. ज्याचे पोट बँकांच्या कामावर आहे, त्याला हे खटल्याहून जड जाते.

करांच्या बाजूने पाहिले, तर बरकतपुरा किंवा काचीगुड्यातील वडिलोपार्जित घर विकणाऱ्याला मूल्यांकक दोन वेळा लागू शकतो. पहिली वेळ, १ एप्रिल २००१ रोजी घराचे मूल्य किती होते हे ठरवताना, कारण त्यापूर्वीच्या मालमत्तेचा भांडवली नफा त्या दिवसापासून मोजता येतो. जमीन-इमारतीसाठी हे मूल्य त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्यापेक्षा अधिक धरता येत नाही, अशी मर्यादा २०२० च्या वित्त कायद्याने घातली. त्याआधी उदार अहवाल लिहिणाऱ्यांचा हात तिथे आखडला. दुसरी वेळ, विक्रीची किंमत मुद्रांक मूल्याहून कमी असेल तेव्हा. घर दोन कोटींना विकले आणि निबंधकाच्या दराने ते दोन कोटी तीस लाखांचे ठरले, तर फरक १० टक्क्यांच्या सवलतीबाहेर जातो आणि कर तीस लाख अधिक धरून लागतो. विक्रेत्याने हरकत घेतल्यास अधिकारी प्रकरण खात्याच्या मूल्यांकन अधिकाऱ्याकडे पाठवू शकतो. त्याने काढलेला आकडा कमी असेल तर तो धरला जातो आणि अधिक असेल तर मुद्रांक मूल्यच कायम राहते. १९६१ च्या कायद्यातील ५०सी कलमाची ही रचना. १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या २०२५ च्या प्राप्तिकर कायद्यात क्रमांक बदलले, गाभा तोच आहे.

तेलंगणात मुद्रांकाचे दर २०१३ नंतर थेट २०२१ च्या जुलैत सुधारले गेले आणि पाठोपाठ २०२२ च्या फेब्रुवारीत पुन्हा. दर आठ वर्षे जागेवर आणि बाजार धावता, अशा काळात कागदावरची किंमत आणि हातात पडलेली किंमत यांत अंतर राहतेच. शिवाय हैदराबादच्या जमिनीचे स्वतःचे पेच आहेत. उस्मानसागर आणि हिमायतसागर या जलाशयांच्या रक्षणासाठी १९९६ च्या १११ क्रमांकाच्या शासन आदेशाने ८४ गावांत बांधकामावर बंधने आली. २०२२ च्या एप्रिलमध्ये ती शिथिल करणारा आदेश निघाला. त्याच एकराचे मोल एका कागदाने खाली गेले आणि दुसऱ्याने वर आले. तलावाच्या पूर्ण पातळीच्या आतील जमीन, वक्फची वा इनामी जमीन यांबाबत तर मोजमाप अचूक असूनही अहवाल निरर्थक ठरू शकतो. यांपैकी काहीही दिल्लीतील नियमावलीत सापडत नाही. ते मूल्यांककाने तहसील कार्यालयात जाऊन पाहायचे असते.

विखुरलेली देखरेख एका छत्राखाली आणावी, ही सूचना सरकारदरबारी पोहोचलेली आहे. कंपनी व्यवहार मंत्रालयाने एम. एस. साहू यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०२० मध्ये मूल्यांकक विधेयकाचा मसुदा दिला आणि स्वतंत्र राष्ट्रीय संस्था सुचवली. त्या मसुद्याचे कायद्यात रूपांतर झालेले नाही. तोवर पणजीतील मूल्यांककाची स्थिती हैदराबादेतील मूल्यांककाहून वेगळी नाही. एकाच जुन्या घरासाठी त्याला बँकेला एक आकडा द्यावा लागतो, प्राप्तिकरासाठी २००१ चा दुसरा आणि सक्तीच्या विक्रीसाठी तिसरा. तिन्ही अहवालांवर सही त्याची एकट्याची असते आणि त्यांची तपासणी करणारी कार्यालये एकमेकांना विचारत नाहीत.